लोकप्रतिनिधीचा हिशेब : दुष्काळी कामें, कर आणि गांवाचा लाभ

आमच्या कमिटीस ज्या उदार गृहस्थांनीं द्रव्याची, धान्याची अगर कडब्याची मदत केली, त्यांजपुढें जमाखर्च मांडणें हें आमचें पहिलें कर्तव्य होय. परंतु वर्गणीसाठीं पेठेंत किंवा बागाइतदारांच्या वाड्यावर गेलें असतां एक प्रश्न आम्हांस वारंवार ऐकावा लागतो : “आम्ही कर भरतों, मतें देतों, प्रतिनिधि निवडून पाठवितों. ते वर्षांतून एकदां येऊन अमुक केलें, तमुक मंजूर करून आणिलें, असें सांगून जातात. मग पाऊस चुकला कीं झोळी पुन्हां आमच्याच दारीं कां ?” हा प्रश्न रास्त आहे, आणि त्यास टाळाटाळीचें उत्तर देणें आम्हांस शोभणार नाहीं. म्हणून प्रतिनिधि आपल्या कामगिरीचा व मतदारसंघास झालेल्या लाभाचा जो वृत्तांत देतो तो कसा पारखावा, आणि दानधर्म व कायदा यांच्या हद्दी कोठें आहेत, हें आम्ही येथें यथामति सांगत आहों.

प्रतिनिधि म्हणजे मुखत्यार, ही कल्पना आपल्या प्रांतांत नवी नाहीं. २ एप्रिल १८७० रोजीं पुण्यांत सार्वजनिक सभा स्थापन झाली, तेव्हां गणेश वासुदेव जोशी व त्यांचे सहकारी यांनीं असा नियम ठेविला कीं, ज्यास सभेंत बसावयाचें असेल त्यानें निदान ५० माणसांच्या सह्यांचें मुखत्यारपत्र आणावें. मुखत्यार ज्यांच्या वतीनें बोलतो त्यांस जाब देण्यास बांधलेला असतो, हा पेढीवरचा नियम सभेनें सार्वजनिक कामास लावला. पुढें १८७६ ते १८७८ पर्यंतचा घोर दुष्काळ आला. सभेनें जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती मागवून सरकारास पत्रांवर पत्रें लिहिलीं, आणि दुष्काळी कामांवर दिवसाच्या एक पौंड धान्यावर बेतलेली मजुरी माणसास पुरत नाहीं, हें दाखवून दिलें. परंतु अर्ज करणें एवढेंच सभेच्या हातीं होतें. कायदे होत त्या जागीं रयतेनें निवडलेला एकही मनुष्य त्या वेळीं बसत नव्हता.

त्या दुष्काळानंतर सर रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील कमिशनचा अहवाल १८८० सालीं झाला, व त्यावरून १८८३ सालीं दुष्काळासंबंधीं कोड तयार झालें. कामें केव्हां काढावीं, मजुरी किती द्यावी, अशक्तांस फुकट अन्न कसें पोंचवावें, याचे नियम त्यांत होते, आणि त्यांचा उपयोग पुष्कळ झाला. पण तीं कलमें अधिकाऱ्यांस दिलेली शिकवण होती. उपाशी माणसास त्यांच्या आधारें हक्क सांगतां येत नव्हता. आधीं पिकाची आणेवारी लागावी, मग टंचाई जाहीर व्हावी, आणि नंतर काम निघावें, असा क्रम होता. पोटाला हा क्रम समजत नाहीं. आणेवारीचे कागद कचेरींत फिरत असतां मजूर कुटुंबानें भांडीं मोडलेलीं असतात, बैल बाजारास लागलेले असतात, व कर्त्या पुरुषानें गांव सोडलेला असतो.

आतां स्वराज्यांतील प्रतिनिधींकडे वळूं. त्यांच्या वृत्तांतांत दोन जातींचे लाभ एकत्र कालविलेले असतात, ते वाचकांनीं वेगळे करावे. पहिली जात म्हणजे मागून आणिलेला लाभ : एखादा रस्ता, शाळेची खोली, सभामंडप, विंधणविहीर. खासदारांच्या हातीं अशा कामांकरितां स्थानिक विकासाचा निधि देण्याची योजना २३ डिसेंबर १९९३ रोजीं सुरू झाली. पहिल्या वर्षीं रक्कम पांच लाख रुपये होती, ती वाढत जाऊन २०११-१२ पासून वर्षास पांच कोटि ठरली. या पैशांतून झालेलें चांगलें काम आम्ही मोलाचेंच समजतों. मात्र त्याचा स्वभाव असा कीं, तें एका गांवास मिळतें व शेजारच्यास मिळत नाहीं. शिवाय प्रतिनिधि बदलला कीं कामांची निवडहि बदलते. दुसरी जात म्हणजे कायद्यानें बांधून दिलेला लाभ. तो मिळविण्यास कोणाची ओळख लागत नाहीं, आणि ज्यानें तो मिळवून दिला तो सभागृहांतून गेला तरी लाभ राहतो. वृत्तांत ऐकतांना या दुसऱ्या जातीचें काम किती, हें प्रथम पाहावें.

या दुसऱ्या जातीचें उत्तम उदाहरण आपल्याच राज्यांतील आहे. विठ्ठल सखाराम पागे हे १९६० पासून १९७८ पर्यंत महाराष्ट्र विधानपरिषदेचे सभापति होते. सांगली जिल्ह्यांतील तासगांव तालुक्याशीं त्यांचा निकट संबंध होता. खरीप संपल्यावर कोरडवाहू शेतकरी व शेतमजूर यांच्या हातांस काम राहत नाहीं, आणि त्याच वेळीं गांवच्या माळावर बांधबंदिस्ती, तळीं, वाटा अशीं शेंकडों कामें पडून असतात. या दोन गोष्टींची सांगड घालावी, असें त्यांचें म्हणणें होतें. त्याप्रमाणें १९६५ सालापासून तासगांव तालुक्यांत प्रयोग सुरू झाला. त्या अनुभवावरून वसंतराव नाईक मुख्यमंत्री असतां १९७२ सालीं रोजगार हमीची योजना राज्यानें स्वीकारली.

त्याच सुमारास १९७२-७३ चा दुष्काळ कोसळला. मे १९७३ च्या सुमारास दुष्काळी कामांवर जवळ जवळ ५० लक्ष माणसें होतीं. १९७१ च्या खानेसुमारींत राज्याची लोकसंख्या सुमारें पांच कोटि भरली होती. म्हणजे दर दहा माणसांत एक जण खडी फोडीत किंवा मातीचें टोपलें वाहत होता. सुकडी व मिलो हे शब्द त्या पिढीच्या तोंडीं अद्याप आहेत. १८७७ सारखा मनुष्यसंहार या वेळीं झाला नाहीं, ही मोठीच गोष्ट घडली. परंतु खडीचे ढीग पुढच्या दुष्काळास अडवीत नाहींत, हेंहि सर्वांस दिसलें. मजुरी तर द्यावीच, पण तिच्या मोबदल्यांत जमिनींत पाणी मुरलें पाहिजे, हा विचार त्या वर्षानें पक्का केला.

पुढें १९७७ सालीं महाराष्ट्र विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनीं रोजगार हमीचा कायदा एकमतानें पास केला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलांत आला. त्याची घडण अशी होती : ग्रामीण भागांतील अठरा वर्षें पुरीं झालेल्या व अंगमेहनतीस तयार असलेल्या कोणाहि इसमानें गांवीं नांव नोंदवावें व काम मागावें. मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम द्यावें. न दिल्यास बेकारी भत्ता द्यावा. निदान ५० मजूर असल्यास नवें काम काढावें. खर्चापैकीं शेंकडा ६० तरी मजुरींत जावा. कामें कंत्राटदारास न देतां सरकारी खात्यांनीं स्वतः चालवावीं. कामावर पिण्याचें पाणी, सावली व लहान मुलांस सांभाळण्याची सोय असावी. यांत टंचाई जाहीर होण्याची अट नव्हती. मजुराची मागणी हीच टंचाईची खूण मानली गेली. १८८३ चें कोड व १९७७ चा कायदा यांतील मुख्य भेद हाच होय.

या हमीचा पैसा कोठून आला, हें व्यापारी व बागाइतदार वाचकांनीं विशेष लक्षांत घ्यावें. १ एप्रिल १९७५ पासून राज्यांत व्यवसाय कर सुरू झाला, तो या कामासाठींच. दुकानदार, वकील, वैद्य व पगारदार नोकर या सर्वांवर तो बसला. राज्यघटनेनें या करास वर्षास २५० रुपयांची मर्यादा घातली होती, ती १९८८ सालच्या दुरुस्तीनें २,५०० रुपये झाली. याशिवाय विक्रीकर व मोटारगाड्या यांवरील जादा आकारणी आणि बागाइत जमिनीवरील विशेष आकार हींहि या निधीकडे वळविण्यांत आलीं. या करांतून जेवढी रक्कम जमेल तेवढीच सरकारनें आपल्या तिजोरींतून घालावी, असाहि नियम झाला. शहराच्या पेढीवरून निघालेला रुपया कोरडवाहू गांवच्या हजेरीपटावर पोंचावा, असा हा मार्ग होता. म्हणून “आम्ही कर देतोंच” हें दातारांचें म्हणणें खरें आहे, आणि त्याबद्दल त्यांस अभिमान वाटावा. परंतु ज्यानें कर दिला त्यास जाब विचारण्याचाहि अधिकार आला.

करदात्यास परत काय मिळालें, हाहि प्रश्न सरळ विचारावा. मजुरीचा पैसा आठवड्याच्या बाजारीं खर्च होतो. ज्वारी, मीठ, तेल व कापड यांच्या रूपानें तो दुकानांत परत येतो. जमीनदाराचा लाभ याहून अधिक आहे. पाझर तलावाच्या पाण्यास पाट नसतो. ओढ्यावर मातीचा बांध घालून पावसाचें पाणी अडवितात. तें हळूहळू जमिनींत मुरतें, आणि बांधाच्या खालच्या अंगच्या विहिरींस उन्हाळ्यांत पाझर राहतो. १९९० सालापासून फळबागांची लागवडहि या योजनेशीं जोडली गेली. आतां विचार करावा कीं, ज्यानें तलावाची माती वाहिली त्याची बहुधा विहीर नसते. विहीर असते ती बागाइतदाराची. मजुरास आठवड्याची मजुरी मिळाली, आणि धन्यास वर्षानुवर्षांचें पाणी मिळालें. हें आम्ही कोणास लाजविण्याकरितां लिहीत नाहीं. दुष्काळी कामांचा पैसा गरिबांवर उधळला जातो असें जे म्हणतात, त्यांनीं आपल्याच मोटेकडे एकदां पाहावें, एवढीच विनंति आहे.

या व्यवस्थेंत दोष शिरले नाहींत असें आम्ही म्हणत नाहीं. हजेरीपटावर खोटीं नांवें चढणें, मापें घेण्यास व मजुरी पोंचण्यास विलंब लागणें, तलाव अर्धवट सोडून दुसरा धरणें, हे दोष सर्वांच्या परिचयाचे आहेत. तथापि ते उघडकीस आले याचें एक कारण असें कीं, हक्क कायद्यांत लिहिला गेला होता, व विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांची एक समिति या योजनेची तपासणी करण्यास नेमलेली होती. मेहेरबानीनें दिलेल्या वस्तूंत खोट निघाली तर विचारावें कोणास ? हक्कांत खोट निघाली तर विचारण्याचें ठिकाण ठरलेलें असतें. पुढें २००५ सालीं संसदेनें सर्व देशासाठीं ग्रामीण रोजगार हमीचा कायदा केला. २ फेब्रुवारी २००६ रोजीं तो २०० जिल्ह्यांत लागू झाला, व दर कुटुंबास वर्षांत १०० दिवसांच्या कामाची हमी त्यानें दिली. तासगांवच्या माळावरचा प्रयोग देशभर पोंचण्यास अशीं चाळीस वर्षें लागलीं. प्रतिनिधीच्या खऱ्या कामाचें फळ कधीं कधीं त्याच्या मुदतींत काय, हयातींतहि दिसत नाहीं, हेंहि मतदारांनीं ध्यानीं ठेवावें.

यास्तव आपला प्रतिनिधि वृत्तांत सांगण्यास येईल तेव्हां हारतुरे झाल्यावर त्यास कांहीं प्रश्न शांतपणें विचारावे, अशी आमची सूचना आहे. पहिला : तालुक्यांत किती जणांनीं काम मागितलें, आणि किती जणांस तें पंधरा दिवसांत मिळालें ? दुसरा : मजुरी किती दिवसांनीं हातीं पडली ? तिसरा : हमीसाठीं घेतलेल्या करापैकीं जमा किती, खर्च किती, व शिल्लक कोणत्या कामीं लागली ? चौथा : गेल्या वर्षीं धरलेले तलाव व बांध यांपैकीं पुरे किती झाले, आणि उन्हाळ्यांत त्यांच्याखालील विहिरींस पाणी राहिलें काय ? पांचवा : सभागृहांत आपण कोणते प्रश्न विचारले, व मत कोणत्या बाजूस दिलें ? ज्याच्यापाशीं या प्रश्नांचीं उत्तरें आहेत, त्याच्या यादींत सभामंडप एकही नसला तरी चालेल.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं : कायदा असतां झोळी कां ? याचें उत्तर त्या पंधरा दिवसांत आहे. काम मागणें, काम निघणें, मापें होणें व मजुरी हातीं येणें, यांत जे आठवडे जातात त्यांत चूल पेटती ठेवावी लागते. शिवाय हमी आहे ती हातांस. म्हातारा, आजारी, ओली बाळंतीण व आईबापांवांचून राहिलेलें मूल यांचे हात कामास चालत नाहींत, आणि गुरांस तर काम मागतांच येत नाहीं. दुष्काळांत या सर्वांपर्यंत धान्य व वैरण पोंचविणें हें दानधर्माचें क्षेत्र आहे, व तेथेंच आपली वर्गणी खर्च व्हावी, अशी आमची दृष्टि आहे. कायद्यानें करावयाचें काम आम्ही देणगीनें करूं लागलों, तर देणगी पुरणार नाहीं आणि कायदा निजेल.

तेव्हां व्यापारी, जमीनदार व सर्व दातार यांस आमची नम्र विनंति अशी कीं, आपला एक हात झोळींत असावा व दुसरा हिशेबाच्या वहीवर. वर्गणी द्यावी, आणि वर्गणीचा हिशेब आम्हांस विचारावा. कर द्यावा, आणि कराचा हिशेब प्रतिनिधीस विचारावा. दीडशें वर्षांपूर्वीं ५० सह्यांचें मुखत्यारपत्र घेऊन जी माणसें सभेंत बसलीं, त्यांस मत देण्याचा हक्क नव्हता; अर्ज करण्याचा तेवढा होता. आपल्यापाशीं मतहि आहे आणि कायदाहि. मृगाचें नक्षत्र कोरडें जाण्याची वाट न पाहतां, सुकाळाच्या वर्षींच हे दोन्ही हिशेब पाहून ठेवावे, एवढें मागून आम्ही हा लेख पुरा करितों.