खेळातल्या पेशांची पारख

नवा नमुना बाजारात मांडण्याआधी चार ओळखीच्या गिऱ्हाइकांच्या हाती देऊन पाहायचा, ही रीत आपल्या कारागीर बांधवांना सांगायला नको. अमेरिकेतल्या एका खेळाचा धंदा याच रीतीवर वाढला, म्हणून त्याची हकीकत आम्ही या पानावर देत आहोत.

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा तो खेळ. १९७४ साली विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा गावातून त्याच्या पहिल्या १००० पेट्या निघाल्या, किंमत १० डॉलर. विम्याच्या कचेरीतली नोकरी गेल्यावर बूट दुरुस्त करून घर चालवणारे गॅरी गायगॅक्स आणि त्यांचे सहकारी डेव्ह आर्नेसन हे त्याचे जनक. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट चालवतो, बाकीचे आपापले पात्र. फासे टाकतात ते घाव लागला की हुकला हे ठरवायला. पैसा लावला जात नाही. प्रत्येक पात्राला पेशा असतो: लढवय्या, जादूगार वगैरे. छापील पेशांवर समाधान न मानता घरी स्वतःचा पेशा रचणारेही पुष्कळ आहेत.

चोराचा पेशा असाच घरगुती. कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे एका दुकानात जमणाऱ्या खेळाडूंनी तो रचला, फोनवरून गायगॅक्स यांच्या कानी गेला आणि १९७५ च्या पुरवणीत आला. तोवर कुलूप उघडायचा प्रयत्न कोणीही करीत असे. चोर आल्यावर ते त्याचेच काम समजले जाऊ लागले. नवा पेशा आला की कुणाच्या तरी हातचे काम जाते, आणि पारख करताना हे आधी पाहावे लागते.

मग हिशेब. आठ बाजूंच्या एका फाशाची सरासरी साडेचार, सहा बाजूंच्या दोन फाशांची सात. रचणाऱ्याने प्रेमापोटी आपल्या पात्राला दुसरा पर्याय दिला तर दर घावाला अडीच जास्त. पुढच्या पायरीवर एका पाळीत दोन घाव मिळतात. चार पाळ्यांत सगळे लागले तर वीस. शेजारी बसलेल्या लढवय्याला मग कामच उरत नाही. पहिल्या पायरीवर हा फरक डोळ्यांत भरत नाही, म्हणून पुढच्या पायऱ्यांवरही खेळून पाहावे, आणि तेही पेशा रचणाऱ्याने स्वतः न खेळता दुसऱ्याला खेळायला देऊन. आपल्या मालाची खोड मालकाला दिसत नाही.

कंपनीही हेच करते. ‘आर्टिफिसर’ म्हणजे कारागिराचा पेशा तिने २०१७ मध्ये कच्च्या स्वरूपात खेळाडूंपुढे ठेवला. त्यातला बंदूकवाला पुढे गळाला. २०१९ मध्ये सुधारून पुन्हा दाखवला आणि त्याच वर्षी पुस्तकात आणला. हाती हत्यारे नसतील तर या कारागिराची जादू चालत नाही, हे आम्हाला विशेष आवडले.

या घरगुती मालावर पोट भरणारेही आहेत. २००० सालच्या खुल्या परवान्यामुळे त्यांना तो विकता येतो. जानेवारी २०२३ मध्ये कंपनीचा नवा मसुदा फुटला. जुना परवाना रद्द, साडेसात लाख डॉलरांवरच्या विक्रीत २५ टक्के वाटा, आणि लहानसहान रचनाकाराचे कामही कंपनीला फुकट वापरण्याची मुभा! खेळाडू खवळले. २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि मूळ नियमांचा मोठा भाग, श्रेय देऊन कोणीही वापरावा, असा मोकळा केला.

त्यात लढवय्या आहे, चोर आहे. कारागीर मात्र नाही. त्याच्यावर काही रचून विकायचे तर कंपनीने २०१६ मध्ये मान्यता दिलेल्या पेठेत, निम्म्या वाट्यावर. आणि तिथे ठेवलेला माल दुसरीकडे विकता येत नाही.