दिंडोशीत खोली, काम आणि जुना फ्रिज : ऐकीव गोष्टी आणि वस्तुस्थिती

दिंडोशीला कॉलेजांचं गाव म्हणून कुणी ओळखत नाही. बस डेपो, सत्र न्यायालय, फिल्म सिटीचा रस्ता ही तिची ओळख. तरी बारावीचे निकाल लागले की इथल्या एजंटांच्या दुकानांसमोर पाठीला सॅक लावलेली मुलं उभी दिसतात. कांदिवलीचं ठाकूर, गोरेगावचं पाटकर, जोगेश्वरीचं इस्माईल युसूफ, पार्ल्याची कॉलेजं, फिल्म सिटीतली व्हिसलिंग वूड्स, या सगळ्यांच्या मधोमध हा भाग आहे. जानेवारी २०२३ मध्ये मेट्रो ७ गुंदवलीपर्यंत पूर्ण धावू लागली आणि दिंडोशी स्थानकावरून अंधेरी गाठणं सोपं झालं. संतोष नगरजवळच्या इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या मुलांची राहण्याची सोय आवारातच होते. बाकीच्यांना छप्पर स्वतः शोधावं लागतं.

ही मुलं साताऱ्याहून, जळगावहून, सिंधुदुर्गातून, लातूरहून येतात. त्यांना पहिली माहिती मिळते ती एजंटकडून, आधी आलेल्या मित्राकडून किंवा काकांच्या ओळखीतल्या कुणाकडून. त्या माहितीत एक वाक्य हमखास असतं : “इथं असंच चालतं.” माझ्या पाहण्यात विद्यार्थ्यांचं सगळ्यात जास्त नुकसान याच वाक्यानं केलं आहे.

“अकरा महिन्यांचाच तर करार, रजिस्टर कशाला करायचा?”

हा गैरसमज सर्वांत जुना आणि सर्वांत महाग. त्याचं मूळ केंद्राच्या नोंदणी कायद्यात आहे. एक वर्षापेक्षा कमी मुदतीच्या भाडेपट्ट्याला त्या कायद्यानं नोंदणी सक्तीची केलेली नाही, म्हणून देशभर अकरा महिन्यांची रीत पडली. महाराष्ट्रात मात्र महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ नुसार लीव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे मुलं घर घेताना सही करतात तो करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा, मुदत अकरा महिन्यांची असो की तीन महिन्यांची. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

याच कलमात विद्यार्थ्याच्या उपयोगाची आणखी एक ओळ आहे, आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. नोंदवलेला करार नसेल आणि वाद झाला, तर अटींबद्दल राहणाऱ्याचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ते खोटं ठरवायचं तर पुरावा मालकानं द्यायचा. म्हणजे करार न नोंदवण्यात खरा धोका मालकाला आहे. हे शांतपणे, आदरानं सांगितलं तर बरेच काका-काकू ऐकतात, असा माझा अनुभव आहे.

“खर्च फार येतो” हेही खरं नाही. मुद्रांक शुल्क करारातल्या एकूण भाड्यावर ०.२५ टक्के असतं. परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरून तेही त्या रकमेत मिळवतात. समजा तिघांनी मिळून २४,००० रुपये भाड्याचा फ्लॅट अकरा महिन्यांसाठी घेतला आणि एक लाख डिपॉझिट दिलं. मुद्रांक शुल्क सातशे रुपयांच्या आत बसतं, मुंबईत नोंदणी फी १,००० रुपये, वर कागदपत्र हाताळणीचं किरकोळ शुल्क. माणशी सहाशे-सातशे रुपये झाले. नोंदणी ऑनलाइन होते, आधार आणि अंगठा लागतो. एजंट घरी येऊन करून देतो तेव्हा त्याचे पैसे वेगळे असतात. सरकारी फी किती आणि त्याची मजुरी किती, हे वेगवेगळं लिहून मागा.

करारात चौघांपैकी एकाचंच नाव घालायची सवय तर मोडायलाच हवी. ज्याचं नाव आहे त्याचंच डिपॉझिट, त्याचाच पत्त्याचा पुरावा. तो मधेच कोर्स सोडून गावी गेला की उरलेले तिघे कायद्याच्या दृष्टीनं त्या घरात कुणीच नसतात. राहणाऱ्या प्रत्येकाचं नाव करारात असावं आणि डिपॉझिट ज्यानं दिलं त्याच्या खात्यातून गेलेलं असावं. रोखीत दिलेल्या पन्नास हजारांची आठवण करून देताना मुलांचे हात थरथरतात, ते मी पाहिलं आहे. करारात लिहिलेली रक्कम मागायला कुणाला भीती वाटत नाही.

मुदत संपल्यावर “परीक्षा होईपर्यंत पंधरा दिवस राहू, काय होतंय” असं समजू नका. मुदतीनंतर जागा अडवली तर मालकाला दुप्पट दरानं शुल्क मागता येतं. तारीख ठरवतानाच विद्यापीठाचं वेळापत्रक समोर ठेवा.

“दोन महिन्यांपेक्षा जास्त डिपॉझिट घेणं बेकायदा आहे”

ही समजूत २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यामुळे पसरली. तो केंद्रानं राज्यांपुढे ठेवलेला नमुना आहे. महाराष्ट्रानं तो स्वीकारलेला नाही. इथं डिपॉझिट बोलणीवर ठरतं, त्यामुळे घासाघीस करा. पण तो कायदा दाखवून भांडायला जाऊ नका, तोंडघशी पडाल.

“सोसायटी बॅचलरना परवानगी देत नाही”

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सभासदाला आपला फ्लॅट लीव्ह अँड लायसन्सवर द्यायला संस्थेची परवानगी लागत नाही. त्यानं आठ दिवस आधी कळवायचं आणि कराराची प्रत व पोलिसांना दिलेल्या माहितीची प्रत जमा करायची. अविवाहितांना घर देऊ नये असं त्या उपविधींत कुठेही नाही. सभासद स्वतः राहत नाही म्हणून लागणारं ना-वापर शुल्कसुद्धा सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त घेता येत नाही. हा शासनाचा आदेश ऑगस्ट २००१ चा आहे आणि ते शुल्क सभासदानं भरायचं असतं. अमुक सोसायटीत बॅचलरसाठी वेगळे पैसे लागतात, असं एजंट म्हणाला तर ते कोणत्या उपविधीनं, हे विचारा.

इथं एक मात्र मान्य करायला हवं. सोसायटीला अधिकार नसला तरी मालकाला आहे. त्याला मुलांना घर द्यायचं नसेल तर कुणी सक्ती करू शकत नाही. म्हणून भांडण सोसायटीशी न करता मालकाची खात्री पटवा; सेक्रेटरीशी बोलायचं काम त्याचं आहे.

पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हेही मालकाचंच काम. मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर ते विनाशुल्क होतं. त्यासाठी विद्यार्थ्याकडून हजार-पंधराशे घेणारा माणूस पोलिसांना काहीच देत नसतो.

“डोंगराकडची खोली निम्म्यात मिळते, राहायला तेवढीच पुरे”

या भागात स्वस्त खोल्या आहेत, आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्याला त्या परवडतात. पण खोलीच्या मागे काय आहे ते पावसाळ्याआधी बघून घ्या. १ जुलै २०१९ च्या मध्यरात्रीनंतर कुरारच्या पिंपरीपाड्यात महापालिकेच्या जलाशयाची संरक्षक भिंत वस्तीवर कोसळली आणि तीस जणांच्या आसपास माणसं गेली. डोंगरउताराखाली, नाल्याकाठी, उंच भिंतीला टेकून असलेली खोली दोन हजारांनी स्वस्त असली तरी घेऊ नये, हे मी अगदी ठामपणे सांगेन.

स्वस्तात मिळते म्हणून पुनर्वसन इमारतीतली खोली घेतानाही सावध राहा. झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या इमारतींत सदनिका मिळाल्यापासून ठरावीक वर्षं ती विकायला किंवा भाड्यानं द्यायला कायद्यानं बंदी असते. तिथला मालक करार नोंदवू शकत नाही तो याच कारणानं. उद्या तपासणी झाली तर सामानासकट बाहेर पडायची वेळ विद्यार्थ्यावर येते.

मुंबईत सामान्य माणसाला कायद्याचा उपयोग नाही असं म्हणणाऱ्यांना दिंडोशीतच उत्तर मिळतं. इथली नागरी निवारा वसाहत मृणाल गोरे, बाबूराव सामंत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्यानं जादा ठरणारी जमीन कमी उत्पन्नाच्या लोकांच्या घरांसाठी मिळावी, हा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी मोर्चे निघाले, न्यायालयात वर्षानुवर्षं लढा चालला आणि हजारो कुटुंबांना घरं मिळाली. आज त्याच वसाहतीत भाड्यानं राहणारी मुलं हा इतिहास माहीत नसताना साध्या अकरा महिन्यांच्या कागदासाठी तोंड उघडायला कचरतात, याचं मला वाईट वाटतं.

“फिल्म सिटी शेजारी आहे, कधीही गेलं की काम मिळतं”

दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ पासून इथं आहे, आणि तिच्या फाटकापाशी काम शोधणारी मुलं तेव्हापासून. आत जायला पास लागतो. गर्दीतली कामं कोऑर्डिनेटरमार्फत आणि संघटनांच्या सभासदांना मिळतात. मालिकांची शिफ्ट बारा तासांची, त्यामुळे त्या दिवशीचं कॉलेज गेलंच. पैसे हातात कधी पडणार हे आधी विचारून घ्या. आणि कार्ड काढण्यासाठी, पोर्टफोलिओसाठी, ऑडिशनसाठी आधी पैसे मागणारा माणूस काम देणारा नसतो.

“इंग्रजी फाडफाड येत नसेल तर कॉल सेंटर नाही, आणि ते नाही तर काहीच नाही”

नेस्को, निर्लॉन, मालाडचं माइंडस्पेस इथली कार्यालयं जवळ आहेत, हे खरं. रात्रपाळीही असते. मुलींनी लक्षात ठेवावं की २०१७ च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत काम त्यांच्या संमतीनंच देता येतं, आणि सुरक्षेची व घरापर्यंत पोहोचवण्याची सोय मालकानं करायची असते.

पण गावाकडून आलेल्या मुलामुलींकडे एक कौशल्य असतं आणि त्याची किंमत त्यांना कळत नाही. २०२० च्या कायद्यानं राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली. गोकुळधाम, यशोधाम या परिसरात इंग्रजी माध्यमाच्या आणि केंद्रीय मंडळांच्या शाळा भरपूर आहेत. तिथल्या घरांत मराठी शिकवणाऱ्याची गरज आहे. चांगलं वाचन असलेली, शुद्ध लिहिणारी लातूरची मुलगी संध्याकाळी दोन घरी शिकवून खानावळीचा खर्च काढू शकते, आणि तिला रात्री दोन वाजता मालाडहून परतावं लागत नाही. इमारतीच्या सूचनाफलकावर चिठ्ठी लावायला सेक्रेटरीला विचारा. पहिल्या महिन्याचे पैसे महिना भरायच्या आधी बोलून ठेवा.

शिकताना कमावणं महाराष्ट्राला नवं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेत ‘कमवा आणि शिका’ रुजवलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथं नोकरी करणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग होते. दोन्हीकडे काम अभ्यासाच्या वेळेभोवती बसवलं होतं. डिलिव्हरीचं काम स्वीकारताना हेच तपासा. महिन्याची कमाई सांगतात ती पेट्रोल, सर्व्हिसिंग, टायर, मोबाइल डेटा वजा न करता सांगतात. फिल्म सिटी रोडवर आणि पश्चिम द्रुतगती मार्गावर गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याच्या कामामुळे होणारी कोंडी धरली तर तासाला किती ऑर्डर होतील, याचा हिशेब आधी कागदावर करा.

घरबसल्या टायपिंगचं काम देऊन नोंदणी फी घेणारे, मग चुका दाखवून वकिलाची नोटीस पाठवणारे, यांना घाबरू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर तक्रार करा. आणि कमिशनवर आपलं बँक खातं वापरायला देणं हे काम नव्हे. फसवणुकीचा पैसा त्या खात्यातून फिरतो, खातं गोठतं आणि आरोपी म्हणून नाव लागतं ते विद्यार्थ्याचं.

“पैसे मोजून घेतला, म्हणजे फोन माझा”

चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसा संशय घ्यायला जागा असताना घेतला, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. अजाणता घेतला तरी पोलीस फोन जप्त करतात आणि पैसे बुडतात. बिल नाही, खोकं नाही आणि किंमत निम्म्याहून कमी, तर तिथून निघा. घेण्याआधी *#०६# दाबून आयएमईआय क्रमांक बघा. केवायएम ही अक्षरं इंग्रजीत लिहून पुढे तो क्रमांक टाका आणि १४४२२ वर पाठवा. तो काळ्या यादीत आहे का ते कळतं.

कपाट, पलंग, टेबल यांसाठी जोगेश्वरी पश्चिमेचा ओशिवरा फर्निचर बाजार आहे. पण टेम्पोचं भाडं आणि हमाली मिळवल्यावर भाव बघा; पुष्कळदा शेजारची सोसायटी सोडून जाणारं कुटुंब तेच कपाट कमी पैशांत देतं. जुना फ्रिज अर्धा तास चालू ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. जुनी स्कूटर घेतली तर आरसी आपल्या नावावर होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका आणि थकलेली ई-चलनं आधी तपासा.

ऑनलाइन विकताना एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा : पैसे घेण्यासाठी कधीच पिन टाकावा लागत नाही. समोरचा क्यूआर पाठवून “स्कॅन करा, पैसे येतील” म्हणाला, तर पैसे तुमच्या खात्यातून जाणार आहेत. तो लष्करात आहे असं सांगत असला तरीही.

“पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून गॅस मिळत नाही”

पाच किलोचा छोटा सिलिंडर केवळ ओळखपत्रावर मिळतो. काळ्या बाजारातून घरगुती सिलिंडर भरून घेण्याची गरज नाही, आणि बंद खोलीत ते धोक्याचंही आहे.

“मदत असती तर कॉलेजनं सांगितलं असतं”

कॉलेजं बऱ्याचदा सांगत नाहीत. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या, बाहेरगावच्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना २०१६-१७ पासून आहे. मुंबईत भोजन, निवास आणि निर्वाह मिळून वर्षाला ६०,००० रुपये थेट खात्यात जमा होतात. कुटुंबाच्या उत्पन्नाची, गुणांची आणि हजेरीची अट आहे. अनुसूचित जमातींसाठी अशीच पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम योजना आहे. उपनगरातल्या मुलांनी स्वाधारसाठी चेंबूरच्या समाजकल्याण सहायक आयुक्त कार्यालयात जावं. उत्पन्नाचा दाखला आणि जातप्रमाणपत्र गावाहून निघतानाच सोबत घ्या. तिथं भाड्याच्या घराचा पुरावाही मागतात, आणि तेव्हा नोंदवलेला करार कामी येतो.