सागरसफर आणि हातातली पिशवी

पूर्वी सहकुटुंब प्रवास म्हणजे यात्रा असे. वळकटी, पितळी डबे आणि पाण्याची कळशी घेऊन मंडळी निघत. आता मुंबईच्या बॅलार्ड पिअरवरून गोव्याला किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या प्रवासी जहाजावर तीन पिढ्या एकत्र दिसू लागल्या आहेत. पाऊस सरून समुद्र शांत झाला, की या सफरींचा हंगाम सुरू होतो. तयारीही तेव्हाच सुरू होते आणि बहुतेक घरांत ती कपड्यांपासून सुरू होते. चूक होते ती इथेच.

जहाजाचा प्रवास रेल्वेसारखा नसतो. बंदरावर पोहोचताच मोठ्या बॅगांना चिठ्ठ्या लावून त्या ताब्यात घेतल्या जातात. तपासणी होऊन त्या खोलीच्या दाराशी येईपर्यंत काही तास जातात, कधी संध्याकाळही होते. सांगलीहून रात्रीच्या गाडीने निघालेले एक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. आजोबांना मधुमेह, आजींना रात्रिभोजनत्यागाचे व्रत. दुपारी बॅगा दिल्या. त्यांतच आजोबांच्या गोळ्या आणि आजींचा फराळ. नोव्हेंबरच्या अखेरीस मुंबईत सहाच्या सुमारास सूर्यास्त होतो. बॅग साडेसहाला आली, तर आजींना उपवास घडतो, आजोबांची गोळी चुकते आणि सहलीचा पहिलाच दिवस घराला टोचणी लावून जातो.

म्हणून आधी भरावी ती हातातली पिशवी. तीत सर्वांची औषधे, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा, ओळखपत्रे, मोबाइलचा चार्जर, मुलांसाठी कपड्यांचा एक जोड आणि आजींसाठी पातळ शाल असावी. इन्शुलिन असल्यास ते थंड राहील अशा पाकिटात हातातच ठेवावे. देशांतर्गत सफरीला आधारकार्डासारखे सरकारी ओळखपत्र चालते; परदेशी बंदर असेल, तर पारपत्र हवे. लक्षद्वीपला उतरण्यासाठी प्रवेश परवानाही लागतो. तो कोण काढणार, हे आरक्षण करतानाच विचारून घ्यावे.

आहाराची तयारी बॅगेत कमी आणि पत्रव्यवहारात अधिक असते. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळे वर्ज्य असल्याचे आरक्षणाच्या वेळी लेखी कळवावे आणि जहाजावर पाऊल ठेवताच भोजनगृहाच्या प्रमुखाला पुन्हा सांगावे. सूर्यास्तापूर्वी जेवण मिळेल का, हेही त्याच वेळी ठरवावे. घरचे पदार्थ नेण्यावर अनेक जहाजांवर निर्बंध असतात. म्हणून डबे भरण्याआधी नियम वाचावेत. परवानगी असेल, तर दशम्या, मेतकूट किंवा भाजलेल्या पोह्यांचा चिवडा पुरेसा होतो.

समुद्र लागण्याची भीती अनेकांना असते. त्यावरच्या गोळ्या त्रास सुरू झाल्यावर नव्हे, तर आधी घ्यायच्या असतात. ज्येष्ठांनी त्या डॉक्टरांना विचारूनच घ्याव्यात. काही औषधांच्या कॅप्सूलचे वेष्टन प्राणिज जिलेटिनचे असते, तेव्हा साध्या गोळीचा पर्याय विचारावा. ओले आले चालत नसले, तरी सुंठ चालते. सुंठीची छोटी डबी जवळ ठेवावी.

खोली लहान असते आणि रिकाम्या बॅगा पलंगाखाली सरकवाव्या लागतात. त्यामुळे एका अवजड पेटीपेक्षा दोन मऊ बॅगा बऱ्या. तीन रात्रींसाठी चार जोड पुरतात. डेकवरच्या ओल्या फरशीसाठी न घसरणाऱ्या चपला हव्यात. बेटावर लहान होडीतून उतरावे लागते, तेव्हाही त्या उपयोगी पडतात. इस्त्री, विजेची किटली, मेणबत्ती, उदबत्ती आगीच्या भीतीने नेऊ देत नाहीत. नित्यपूजेचे निरांजन घरीच ठेवून जपमाळ आणि स्तोत्राचे छोटे पुस्तक सोबत घ्यावे. भाव तेवढाच राहतो, भार मात्र हलका होतो.

हिशेबाकडे लक्ष असावे. जहाजावरचा जादा खर्च खोलीच्या कार्डावर नोंदला जातो आणि शेवटी एकदम समोर येतो. मुलांच्या हाती कार्ड देण्यापूर्वी मर्यादा ठरवावी आणि रोज नोंदी पाहाव्यात. किनारा सुटताच मोबाइल ‘फ्लाइट मोड’वर ठेवावा; जहाजावरच्या नेटवर्कशी तो आपोआप जोडला गेला, तर बिल जड जाते.

अखेरच्या रात्री बऱ्याच जहाजांवर मोठ्या बॅगा पुन्हा दाराबाहेर ठेवायला सांगतात. सकाळचे कपडे आणि सकाळची औषधे तेव्हा हातातल्या पिशवीत परत यायला हवीत. पहिल्या दिवसाचा नियम शेवटच्या दिवसालाही लागू होतो.

परतताना बॅगेत थोडी जागा उरते. नातवंडे ती प्रवाळाच्या तुकड्यांनी भरू पाहतात. प्रवाळ हा दगड नव्हे. ती असंख्य सूक्ष्म जीवांची वसाहत आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याला संरक्षण देतो. आजींनी हे कायद्याआधीच ‘जीव आहे बाळा, राहू दे’ एवढ्या पाच शब्दांत सांगावे. ती रिकामी जागा तशीच घरी आली, तर सफरीचा हिशेब बरोबर जुळला म्हणायचे.