चकमकीच्या कळेची पारख



मलकापूर हें विशाळगड जहागिरीचें गांव. १८४४ सालीं गडकऱ्यांनीं बंड केल्यावर इंग्रजांनीं विशाळगडाची तटबंदी पाडली आणि पंतप्रतिनिधींचें ठाणें मलकापुरास आलें. अशा गांवीं जुन्या वाड्यांत एखादी ठासणीची बंदूक निघावी, यांत नवल नाहीं. परंतु बाजारांत हुबेहूब नकलाही पुष्कळ मिळतात. तेव्हां अस्सल ओळखावी कशी, याचा आज विचार करूं.

प्रथम एक सावधगिरी. जुनी बंदूक भरलेली असूं शकते. नळी स्वतःपासून दूर वळवून तींत लांकडी गज घालावा. तो मागच्या छिद्रापर्यंत, म्हणजे कानापर्यंत पोचला नाहीं, तर आंत दारू आहे असें समजून जाणत्या माणसास बोलवावें.

आतां रचना पाहूं. तोड्याच्या बंदुकींत जळती जामगी प्याल्यांतील रंजकाला लागते. चकमकीच्या बंदुकींत घोड्याच्या जबड्यांत गारेचा तुकडा असतो. चाप ओढतांच गार पोलादी झडपेवर घासते, झडप उघडते, ठिणग्या रंजकांत पडतात आणि आग कानांतून नळींत शिरते.

तोफांनाही अशी कळ बसवीत. पण ती मुख्यतः जहाजांवर. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्रजी आरमारानें ती स्वीकारली; कारण डोलणाऱ्या जहाजावर नेम साधतांच बार उडावा लागे. आपल्या गडांवरील तोफांना कानावर बत्तीच देत. म्हणून गडावरची म्हणून दाखविलेल्या तोफेस चकमकीची कळ दिसली, तर संशय घ्यावा.

कोरीव अक्षरांवर विसंबूं नये. विजापूरची मलिक-इ-मैदान तोफ १५४९ सालीं ओतली. तरी तिच्यावर १६८६ च्या विजयाचा औरंगजेबाचा लेखही आहे. कंपनी सरकारच्या बंदुकांवर १८०८ पर्यंत बदामाच्या आकाराचें चिन्ह व पुढें सिंह असे. पण नकलाकार तेंही उठवितो.

खरी साक्ष कळेच्या आंत मिळते. जुने स्क्रू हातानें कापलेले असल्यामुळें एकाचा स्क्रू दुसऱ्याच्या भोकांत सहसा नीट बसत नाहीं. नकलेंत सर्व आटे सारखे, यंत्रावरचे असतात. अस्सल झडपेचा पृष्ठभाग कठीण असून गारेचे ओरखडे बाळगतो. शोभेच्या नकलेची झडप मऊ असते, ठिणगी देत नाहीं. वापरलेल्या बंदुकीच्या कानाभोवतालचें लोखंड आगीनें खाल्लेलें असतें; पुष्कळ नकलांत कान आरपार पाडलेलाच नसतो. झिजेलाही कारण हवें: हात लागतो तेथें ती गुळगुळीत, सांदींत काळसर. तेजाबानें चढविलेला गंज मात्र सर्वत्र एकसारखा असतो.

यावरून एक गोष्ट ध्यानांत यावी. विटेनें किंवा तेजाबानें घासून जुनें हत्यार चकचकीत करणें म्हणजे त्याची साक्ष पुसून टाकणें होय. कोरडें कापड आणि थोडें तेल पुरे.

कायद्याचेंही भान हवें. १९७२ च्या कायद्यानें शंभर वर्षांहून जुनी अशी ऐतिहासिक वस्तु खासगी माणसास परदेशीं पाठवितां येत नाहीं. आणि चालूं शकणाऱ्या बंदुकीस परवाना लागतो. पूर्वजांची बंदूक विकण्याची घाई करूं नये. तशीच नक्कल पूर्वजांची म्हणून पुजूंही नये. दोहोंतील भेद स्क्रू, झडप आणि कान सांगतील.