उघड्यावर थंडीची रात्र

थंडी कोठून लागते? वरून की खालून?

कोणालाही विचारा. तो म्हणेल, वरून. म्हणून आपण करतो काय, तर घरातले चांगले जाड पांघरूण अंगावर घेतो आणि फाटके पोते अंगाखाली टाकतो. घरात हे चालून जाते. रानात, उघड्या जमिनीवर मात्र ते उलटे करावे लागते.

पहाटे कोयता हातात घेऊन पाहा. पाते बोटांना चटका लागावा असे गार लागते. लाकडी मूठ तेवढी गार लागत नाही. आता पाते मुठीपेक्षा जास्त गार आहे का? नाही. रात्रभर दोन्ही एकाच जागी पडलेली असतात. दोन्ही सारखीच गार. मग फरक का? लोखंड हाताची ऊब झटकन ओढून घेते, लाकूड हळू घेते. थंडी म्हणजे बाहेरून अंगात शिरणारी वस्तू नव्हे. आपल्या अंगातली ऊब बाहेर जाते, तिलाच आपण थंडी वाजते म्हणतो. ऊब कोण किती भराभर नेतो, हे ओळखले की अर्धे काम झाले.

ऊब नेणारे चौघे आहेत. जमीन, वारा, ओल आणि मोकळे आभाळ. चौघांत उघड्यावर निजणाऱ्याला जमीन फार नडते. ती रात्रभर पाठीला चिकटलेली असते आणि तिचे पोट कधी भरत नाही.

उसाच्या गाळपाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो. बीडकडच्या आणि इतर दुष्काळी भागांतल्या टोळ्या सांगली, कोल्हापूर, सोलापूरकडच्या फडांवर जातात. लेकरेबाळे बरोबर असतात. कोपी उभी राहायला एकदोन दिवस लागतात. तोवरची रात्र उघड्यावर. मेंढरांमागे फिरणाऱ्या धनगरांचे तेच. गव्हाला रात्रीचे पाणी देणाऱ्याचेही तेच. निफाडकडे काही वर्षी पारा ५ अंशांच्या खाली उतरतो. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी तर दवाचे बर्फ होते. अशा रात्री तंबू कोठून आणायचा? आणायची गरज नाही. जवळ जे असते त्यातच सोय होते.

पहिले काम अंथरुणाचे. फडात पाचट असते. ते कोरडे बघून घ्या. वाढे घेऊ नका. ते हिरवे असते, त्यात पाणी असते, ते गारच लागणार. पाचट नसेल तर कडबा, वाळके गवत किंवा भाताचा पेंढा चालेल. थर गुडघ्याएवढा उंच करा. एवढा कशाला, असे वाटेल. पण माणूस वर निजला की थर चेपतो. चेपून चार बोटे तरी उरला पाहिजे. खरी राखण पाचट करीत नाही, पाचटात अडकलेली हवा करते. घोंगडी उबदार लागते ती याच कारणाने. लोकरीत हवा अडकून बसते. गोधडीत चिंध्यांचे थर असतात, त्यांतही हवा असते. पण गोधडी अंगाखाली घेतली की चेपते, हवा निघून जाते आणि ती नुसती कापडाची घडी होते.

पाचट अंगाला कापते. म्हणून दोन रिकाम्या पोत्यांत ते ठासून भरा आणि पोती शेजारी शेजारी टाका. झाली गादी. भरण्याआधी पाचट काठीने झोडपा आणि पोते उलटे करून झटका. विंचवाला ऊब आपल्याइतकीच आवडते. खताचे पोते असेल तर आधी धुऊन वाळवून घ्या. औषधाचे, म्हणजे कीटकनाशकाचे पोते कितीही धुतले तरी अंगाजवळ नको.

आणखी एक पोते पायांसाठी ठेवा. पोत्यात थोडे पाचट टाका, पायांना कापडाचा एखादा तुकडा गुंडाळा आणि पोत्यात कमरेपर्यंत शिरा. पहिल्यांदा हसू येते. पण पाय गरम राहिले की झोप लागते. डोक्याला पटका किंवा टोपी हवी. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्यात घालून पावसात आपण खोळ करतो ना, तीच येथेही कामाला येते.

मग जागा पाहा. ओढ्याकाठी, खोलगट जागी निजू नका. गार हवा जड असते. ती रात्री पाण्यासारखी उताराने खाली येते आणि खळग्यात साचते. दहावीस हात वर गेले तरी फरक कळतो. चिमूटभर माती हातातून सोडा, वारा कोठून आहे ते दिसेल. ट्रॅक्टरच्या मागेपुढे किंवा ट्रॉलीखाली मात्र कधीच निजू नये. रात्री चालक गाडी मागे घेतो आणि पाचटात निजलेला माणूस त्याला दिसत नाही.

बैलगाडी असेल तर काम सोपे. गाडी वाऱ्याला आडवी लावा. चाकांना पुढून मागून दगड द्या. बैल दूर बांधा. ताडपत्रीची एक कड गाडीच्या वरच्या बाजूला बांधा आणि वाऱ्याच्या अंगाने ती जमिनीपर्यंत सोडा. खालच्या कडेवर दगडमाती टाका. दुसऱ्या अंगाला दोन काठ्या रोवून ताडपत्री किंवा लुगडे उतरते ताणा. गाडी नसेल तर बांध चालेल, दोन झाडांत बांधलेला दोरही चालेल. उंची बसता येईल एवढी पुरे. ऐसपैस जागा करण्यात काही शहाणपण नाही. लहान जागा अंगाच्या उबेने तापते, मोठी तापत नाही.

वर आडोसा हवाच. रात्री निरभ्र आभाळाकडे ऊब निघून जाते. म्हणून उघड्या अंगणात दव पडते आणि झाडाखाली कमी पडते. झाडाखाली रात्री निजू नये असे म्हणतात, पण मोकळ्या रानात झाडामुळे हवा बाधत नाही. वाळकी फांदी तेवढी वर पाहून घ्यावी.

सकाळी प्लास्टिकचा कागद आतून ओला दिसतो. लोक म्हणतात, कागद गळका आहे. तो गळत नाही. आपल्याच श्वासाची वाफ गार कागदावर जाऊन पाणी होते. म्हणून कागद पांघरुणाला टेकवू नका, मध्ये वीतभर जागा ठेवा. आणि वाऱ्याच्या उलट बाजूला थोडे उघडे असू द्या.

आता शेकोटीचे बोला. शेकोटी आडोशापासून दहा हात तरी लांब, वाऱ्याच्या उतरत्या अंगाला करावी. पाचट ठिणगीने पेटते आणि मग विझवायला वेळ मिळत नाही. निजण्यापूर्वी ती पाणी किंवा माती टाकून पुरी विझवा. घमेल्यात निखारे घेऊन ते कोपीत किंवा ताडपत्रीखाली ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. ही रीत जीव घेते. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साईड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर नाही म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि तेथेच फसतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते. त्या झोपेतून सारे घर उठत नाही. असे कोणी आढळले तर आधी त्याला मोकळ्या हवेत ओढा.

पाणी देताना पाय भिजतात. ओले कापड कोरड्या कापडापेक्षा किती तरी भराभर ऊब नेते. एक कोरडा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेहमी जवळ ठेवावा. निजताना ओले अंगावर नको. आणि दारूने थंडी जाते, हे खोटे. दारूने कातडीकडे रक्त धावते, म्हणून गरम वाटते. पण त्याच वाटेने आतली ऊब बाहेर पडते. वाटणे आणि असणे यांत फरक आहे.

माणसाचे अंग आतून साधारण ३७ अंश असते. ते ३५ च्या खाली गेले की धोका. आधी हुडहुडी भरते. मग बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस प्याल्यासारखा वागतो. पुढे हुडहुडी थांबते. बरे वाटले असे समजू नका, अंग हरल्याची ती खूण आहे. ओले कपडे काढा. कोरड्यात गुंडाळा. दुसऱ्या कोणी त्याला कवेत घेऊन निजावे. शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम चहा द्या. हातपाय चोळू नका. आगीजवळ नेऊ नका. १०८ ला फोन लावा आणि फडाची खूण नीट सांगा.

तान्हे लेकरू हुडहुडत नाही. ते गप्प होते, अंगावर पीत नाही, पोट गार लागते. त्याला आईच्या उराशी, कातडीला कातडी लावून घ्या, डोक्याला टोपडे घाला आणि वरून दोघांना पांघरा. तोंड उघडे ठेवा. आई जागी असताना दुसऱ्याने चहा करावा, फोन करावा.

दिवस उगवला की पोती उन्हात टाका. ओलसर झालेले पाचट काढून कोरडे भरा. कोपी उभी राहिली तरी ही गादी मोडू नका. कोपीतली जमीनही जमीनच असते.