मोठ्या जातींच्या कुत्र्यांमधील सांधेविकार

मोठ्या जातींच्या कुत्र्यांमधील सांधेविकार म्हणजे लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर, ग्रेट डेन, सेंट बर्नार्ड अशा वजनदार जातींमध्ये प्रामुख्याने आढळणारे खुबा, कोपर व गुडघा यांच्या सांध्यांचे आजार होत. यांपैकी हिप डिस्प्लेशिया सर्वांत परिचित आहे. त्यात मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या खोबणीत नीट बसत नाही. सैल सांध्याची झीज होते आणि पुढे संधिवात जडतो.

कारणे

हा विकार आनुवंशिक असला तरी आहार व वाढीचा वेग यांवर त्याची तीव्रता ठरते. पिल्लू लवकर मोठे दिसावे म्हणून त्याला भरपूर खाऊ घालणे आणि समतोल आहार चालू असताना वरून कॅल्शियमचे औषध पाजणे, या दोन्ही गोष्टी मोठ्या जातींच्या पिल्लांना अपायकारक ठरतात. पिल्लू विकत घेताना दाखवला जाणारा वंशावळीचा कागद म्हणजे आईबापांच्या सांध्यांच्या तपासणीचा दाखला नव्हे. त्यासाठी त्यांच्या खुब्यांचे क्ष-किरण अहवाल पाहावे लागतात.

लक्षणे व निदान

उठताना अडखळणे, जिना टाळणे, दोन्ही मागचे पाय एकदम उचलून उड्या मारल्यासारखे धावणे ही प्रमुख लक्षणे होत. कुत्रा वेदना लपवतो. त्यामुळे 'वय झाले' असे समजून वर्षे निघून जातात. निदान क्ष-किरण चित्राने होते. चित्र नीट मिळावे म्हणून बहुधा गुंगी द्यावी लागते.

व्यवस्थापन

सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय वजन आटोक्यात ठेवणे हा आहे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉर कुत्र्यांवर झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन अभ्यासात निम्म्या कुत्र्यांना जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी अन्न देण्यात आले. त्यांचे मध्यक आयुष्य १३ वर्षे भरले, तर दुसऱ्या गटाचे ११.२ वर्षे. कमी खाणाऱ्यांमध्ये संधिवातही उशिरा दिसू लागला. हाडे सहज चाचपता येतील पण डोळ्यांत भरणार नाहीत, इतपतच मांस बरगड्यांवर असावे.

घरातील गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा गोणपाट अंथरणे, थोडे थोडे पण रोज चालवणे आणि पोहू देणे यांचाही उपयोग होतो. भिवंडी तालुक्यातील गणेशपुरी-वज्रेश्वरी परिसरातील गरम पाण्याच्या कुंडांत माणसे सांधेदुखी शमावी म्हणून स्नान करतात. कुत्र्यावर मात्र असा प्रयोग करू नये. तो शरीरातील उष्णता मुख्यतः धापा टाकूनच बाहेर सोडतो आणि गरम पाण्यात त्याला उष्माघात होऊ शकतो. दुखऱ्या भागाला कोमट शेक पुरेसा असतो.

माणसांसाठीच्या आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक या गोळ्या कुत्र्याला कधीही देऊ नयेत; त्यांनी जठरात व्रण होतात व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. (गिधाडांच्या मृत्यूंमुळे भारताने २००६ मध्ये जनावरांसाठीच्या डायक्लोफिनॅकवर बंदी घातली, ती हकिगत वेगळी.) पशुवैद्य मेलोक्सिकॅमसारखी औषधे वजनानुसार व रक्ततपासणी करून देतात.

शस्त्रक्रिया व खर्च

मांडीच्या हाडाचा माथा काढून टाकणे ही तुलनेने कमी खर्चाची शस्त्रक्रिया आहे. परंतु तिचा गुण हलक्या कुत्र्यांना अधिक येतो. संपूर्ण खुबा बदलणे कृत्रिम सांध्याच्या किमतीमुळे महाग पडते. मात्र बहुतेक कुटुंबांना जड जातो तो दरमहाचा खर्च. औषधाची मात्रा वजनावर ठरत असल्याने ४० किलोच्या कुत्र्याला १० किलोच्या कुत्र्याच्या चौपट औषध लागते, आणि तेही अनेक वर्षे.

मुंबईत परळ येथे १८८६ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालय व बाई साकराबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे. महालक्ष्मी येथे २०२४ मध्ये टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय सुरू झाले. गणेशपुरीसारख्या गावातून तेथे जायचे तर लंगडणाऱ्या कुत्र्यासाठी स्वतंत्र गाडी करावी लागते आणि गाडीभाडे उपचाराच्या खर्चात भर घालते. म्हणून नियमित औषध व वजन-तपासणी जवळच्या पशुवैद्याकडे ठेवून क्ष-किरण व शस्त्रक्रियेपुरतेच मुंबईला जाणे सोयीचे ठरते.

श्वान-विमा उपलब्ध आहे, परंतु विमा घेण्यापूर्वी जडलेले आजार त्यात सहसा वगळलेले असतात. त्यामुळे तो पिल्लूपणीच घ्यावा लागतो आणि आनुवंशिक विकारांविषयीच्या अटी वाचून घ्याव्या लागतात. खर्च झेपत नाही म्हणून कुत्र्याला रस्त्यावर सोडून देणे हा प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, १९६० नुसार गुन्हा आहे.