ओल्या मातींतली तहान

लोणावळ्यास पावसाळ्याच्या चार महिन्यांत सुमारें ४,००० मिलिमीटर पाऊस पडतो. अशा दिवसांत ओटीवरच्या कुंडींतली कोरफड मलूल दिसली, कीं घरचीं माणसें मायेनें तिला पाणी घालतात, आणि तेंच तिच्या जिवावर येतें. चिकट ओलींत मुळांना हवा मिळत नाहीं, तीं कुजतात; कुजकीं मुळें पाणी ओढीत नाहींत, म्हणून झाड ओल्या मातींतहि तहानलेलें दिसतें.

यासाठीं आधीं मातींत बोट घालून पाहावें. माती कोरडी व पान सुरकुतलेलें, तर तहान खरी. माती ओली, पान पिवळसर व बुडाशीं लिबलिबीत, तर झाड उपटावें; निरोगी गर लागेपर्यंत सडका भाग स्वच्छ सुरीनें कापावा, आठवडाभर सावलींत सुकवावें, मग जाड वाळू मिसळलेल्या मातींत लावावें. पाण्याची घाई नको.

पानांच्या बेचक्यांत कापसासारखे पुंजके दिसले, तर ते पिठ्या ढेकूण. स्पिरिटांत भिजविलेल्या बोळ्यानें ते टिपावे (आधीं एका पानावर लावून पाहावें), आणि आठवड्यानें पुनः तपासावें. याचाच एक दूरचा भाऊबंद, कोशिनील किडा, १९२६ सालीं तेव्हांच्या सिलोनांतून भारतांत मुद्दाम आणला, आणि त्यानें माजलेल्या निवडुंगाचीं रानें आटोक्यांत आणलीं. तिथें एका कुंडीची काय कथा! म्हणून कीड लागलेली कुंडी इतरांपासून दूर ठेवावी.